ज्याचं वाक्य त्यानंच संपवायचं

धम्मशीला मॅडमचं सांगायचं म्हणलं तर आधी माझ्या आवाजाचं सांगावं लागतंय. मानवतला आमची पिठाची गिरणी हाय. लग्न होऊन आले तवापासून मीच चालवते. गिरणी चालू असली की समोर उभं ऱ्हायलेलं माणूस ऐकू येत न्हाई, मंग वरडूनच बोलावं लागतं. आता माझा गळाच असा झालाय की जरा हळू बोलले तर शेजारीण इचारते, "बायनाबाई, तब्येत बरी न्हाई का?" आमचे मालक मुंजाजीराव कापसाच्या जिनिंगमधी कामाला हायेत. त्यांचं बोलणं सणासुदीला. म्हणून घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं. पाव्हण्यांशी मी, लाइटवाल्याशी हुज्जत घालायला मी, भावकीत भांडायलाबी मीच.

आन् आमच्या राजेश्रीच्या वाटचं बोलायलाबी मीच.

राजेश्री आमची एकुलती एक. लहानपणापासून बोलताना अडकते. काही अक्षरं आली की ओठ मिटतात ते उघडतच न्हाईत, मान ताठ होते, डोळ्यात पाणी येतं. बगणाऱ्याचा जीव खालीवर होतो, मंग मायचं काय होत असंल? मी लगेच तिचं वाक्य पुरं करून टाकायची. दुकानात काय पायजे ते मी सांगायची, शाळेत नाव इचारलं तर मी सांगायची, डॉक्टरनं "कुठं दुखतंय" म्हणलं तर तेबी मीच. आमची शेजारीण सरजाबाई दळणाचा डबा ठेवून घटकाभर बसते, तिचं एकच पालुपद: "बोलणाऱ्याचे हुलगे विकतात बाई, न बोलणाऱ्याचे गहू पडून ऱ्हातात. पोरीचं कसं व्हायचं?" मी म्हणायची, "मी हाय ना बोलायला. माझा आवाज काय कमी पडायलाय का तुमाला?"

तर राजेश्री बारावीला गेली, आर्ट्सला. इतिहासाला नवीन मॅडम आल्या, ह्याच धम्मशीला मॅडम. पूर्णेच्या. पहिल्याच हप्त्यात पोरीनं एक कागद आणून माझ्या पुढ्यात ठेवला. वर्गाचे नियम, म्हणे, घरच्यांनी वाचून खाली सही करायची. मी सातवी पास हाय, वाचता येतं. चष्म्यावरचं पीठ पुसलं आन् बसले वाचत.

आमच्या वक्ताला वर्गात एकच नियम होता, हूं की चूं करायचं न्हाई. छडी सगळं सांगत होती. आन् हे काय? वर्गात उशिरा आलेल्यानं दारात थांबून वर्गाची परवानगी मागायची, आन् गाडी लेट झाली तर मॅडमबी मागणार. म्हणलं, बरंय, मास्तरीण पोरांची परवानगी मागायलीय, उद्या पोरं मास्तरणीला छडी मारतील. जगातल्या कोणच्याच राजाला 'आपला' म्हणायचं न्हाई आन् 'त्यांचा' म्हणायचं न्हाई, ज्याचं त्याचं नाव घ्यायचं. काहीबी सांगितलं की ऐकणाऱ्यांनी "कोण म्हणतं?" असं इचारायचं. पुस्तक म्हणत असंल तर पुस्तकाचं नाव, माणूस म्हणत असंल तर त्या माणसाचं पुरं नाव. सांगता आलं न्हाई तर गुमान खाली बसायचं. "माझं चुकलं" असं जो म्हणंल त्याला कोणी हसायचं न्हाई. वर्गाला नवीन नियम पायजे असंल तर तो पोरांनी मांडायचा. इथवर मला मजा वाटायली होती. पण शेवटचं वाचलं आन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लिहिलं होतं, झेरॉक्सच्या दुकानातला तयार प्रकल्प चालणार न्हाई. इथं सगळ्यांना ठाऊक हाय, पैसे टाकले की रंगीत पुठ्ठ्याचा प्रकल्प मिळतो, वरती आपलं नाव टाकायचं, वीसपैकी एकोणीस गुण कुठं गेले न्हाईत. मॅडमचं मात्र भलतंच. प्रत्येकानं जगाच्या इतिहासातली एक गोष्ट निवडायची, आपल्या घरापर्यंत पोचणारी, आन् ती सगळ्या वर्गापुढं उभं राहून तोंडानं सांगायची. कागद बगून न्हाई. कोणालाच माफी न्हाई.

मी राजेश्रीकडं बगितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "आई," ती म्हणली, "मी क... क..."

"कॉलेज सोडते म्हणतीस?" मी म्हणलं.

तिनं खाली मान घातली. झालं, मला कळायचं ते कळलं. माझी पोरगी एवढी हुशार, दहावीला कसे गुण पडले होते, आन् ह्या एका बाईच्या खुळापायी घरी बसणार? धाकटे दीर टपूनच बसले होते. "बोलता येईना तिला शिकवून काय करता, बारावी सुटली की उजवून टाका," असं दिवाळीतच बोलून गेले होते. पोरगी एकदा घरी बसली की त्यांच्या तोंडाला कुलूप कुठून लावू? दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावलं, पदर खोचला आन् पोरीच्या मागं कॉलेजात गेले.

वर्गाच्या बाहेर चपलांची रांग, देवळाबाहेर असती तशी. बाक सगळे भिंतीला सरकवलेले. मधी फरशीवर भलंमोठं रेक्झिन अंथरलेलं आन् त्यावर रंगानं जगाचा नकाशा काढलेला. पोरंपोरी त्याच्या कडंकडंनी मांडी घालून बसलेले. आन् त्यांच्यात एक ठेंगणीशी बाई उभी, साधी सुती साडी, केसांचा अंबाडा, कानात काही न्हाई. राजेश्री दारात थांबली तशी मलाबी थांबावं लागलं.

एक पोरगं सांगायलं होतं, पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले लय शिपाई बोटीत बसून लांब लढायला गेले. सगळा वर्ग एका दमात म्हणला, "कोण म्हणतं?" मी दचकलेच. पोरानं पुस्तकाचं नाव सांगितलं, पानबी सांगितलं. मंग मॅडम म्हणल्या, "त्यात आपल्या परभणीकडचेही पुष्कळ असतील." एक कवळी पोरगी, जरा भेतभेतच म्हणली, "मॅडम, कोण म्हणतं?"

मला वाटलं, आता बसंल एक थोबाडीत. मॅडम म्हणल्या, "माहीत नाही. मला नुसतं वाटलं म्हणून मी बोलले. माझं चुकलं." आन् साडी सावरून खाली बसल्या, निळ्या समुद्रात मांडी घालून. कोणी हसलं न्हाई. पोरांनी धडा पुढं चालवला आन् मॅडम खालनं ऐकत ऱ्हायल्या, पोरं "उठा मॅडम" म्हणेपर्यंत.

बाई गं! मी भांडायला आले होते, आन् तोंडात बोट घालून उभी ऱ्हायले. माझ्या जन्मात मी मास्तराला "मला माहीत न्हाई" म्हणताना ऐकलं नव्हतं. सरपंच म्हणत न्हाई, डॉक्टर म्हणत न्हाई, आमचे दीर तर मेले तरी म्हणणार न्हाईत. ही बाई लेकरांपुढं म्हणली आन् खालीबी बसली.

पण मी काय कच्च्या गुरूची चेली न्हाई. तास संपल्यावर व्हरांड्यात गाठलंच. माझा आवाज तर तुमाला ठाऊकच, सगळं कॉलेज खिडकीत आलं. म्हणलं, "मॅडम, नियम करणं सोपं हाय. माझ्या लेकराला बोलता येत न्हाई. तिला माफी द्या न्हाईतर ती उद्यापासून यायची न्हाई. कॉलेज सोडते म्हणायलीय ती."

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. मंग राजेश्रीकडं वळून म्हणल्या, "राजेश्री, असं म्हणालीस तू?"

"म्हणली की," मी म्हणलं, "काल सांजच्याला..."

"ताई," मॅडम हळूच म्हणल्या, "मी राजेश्रीला विचारलं."

राजेश्रीचे ओठ मिटले. मान ताठ झाली. माझी जीभ वळवळायला लागली, पण मॅडमकडं बगितलं आन् थांबले. त्या पोरीच्या तोंडाकडं बगतच नव्हत्या. "हां हां, बोल बोल" करत नव्हत्या, मान हलवत नव्हत्या, कीव करत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या. जशी काय घाई नावाची गोष्ट जगात न्हाईच. त्यांच्या पुढच्या तासाची घंटा झाली तरी हलल्या न्हाईत.

"मी... सोडते... न्हाई म्हणले," राजेश्री म्हणली. लय वेळ लागला. "मी म्हणत होते... क... का... कापसाचं सांगते."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. कॉलेज सोडायचं मी म्हणले होते, ती न्हाई. पोरगी कापसाचं सांगते म्हणत होती आन् मी तिला कॉलेज सोडायला लावायली होती!

"मला बोलायचंय," राजेश्री पुन्यांदा म्हणली. "पण... मधी... कोणी बोलायचं न्हाई."

मॅडमचा चेहरा असा फुलला की इचारू नका. म्हणल्या, "हा नियम आपल्याकडं नव्हताच की गं. उद्या वर्गात तूच मांड." आन् माझ्याकडं वळून म्हणल्या, "ताई, माझे वडील पूर्णेला रेल्वेत होते, रूळ तपासायचे. ते म्हणायचे, रेल्वेच्या नियमांचं पुस्तक उगीच जाड नाही. एकेक नियम कोणाच्या तरी अपघातानंतर लिहिलाय. माझ्या वर्गाचंही तसंच आहे. आधीच्या कॉलेजात एका मुलानं विकत आणलेला प्रकल्प जमा केला, त्यावर परभणीच्या दुसऱ्याच मुलाचं नाव होतं. तो इतका शरमला की परीक्षेलाच आला नाही. तेव्हापासून प्रकल्पाचा नियम आला."

"आन् त्यो चुकलं म्हणायचा नियम?" मी इचारलं.

"तो माझ्यामुळं," त्या म्हणल्या. "शाळेत मी नकाशावर लंडन दाखवायला गेले आणि बोट भलतीकडंच ठेवलं. सर हसले, मग सगळा वर्ग हसला. दहावीपर्यंत मी पुन्हा हात वर केला नाही. नकाशाची इतकी धास्ती बसली होती मला." आन् आता ही बाई रोज पूर्णेच्या गाडीत जगाचा नकाशा गुंडाळून खांद्यावर घेऊन येते, मानवत रोड टेसनला उतरते, ॲटोत कोंबून बसते आन् फरशीवर सगळी दुनिया अंथरते. मी सही करून दिली.

नियम वर्गात मंजूर झाला. राजेश्रीनं सोता मांडला, सोता फळ्यावर लिहिला: ज्याचं वाक्य त्यानंच संपवायचं, आन् कोणी मधी बोललं तर बोलणाऱ्यानं वाक्य पहिल्यापासून सुरू करायचं. खाली मॅडमनी एक ओळ वाढवली, पालकांनासुद्धा लागू. ही ओळ माझ्यासाठीच हाय हे शेंबडं पोरगंबी सांगंल.

आता सांगते, न बोलणं किती अवघड असतंय ते. मी तोंडात लवंग धरायला लागले. राजेश्री बोलायला लागली की लवंग दाताखाली. पहिल्या महिन्यात माझी जीभ भाजून निघाली. मालक एकदा जेवता जेवता म्हणले, "घरात लय शांतता झालीय." त्यांचं वर्षाचं बोलणं तिथंच संपलं. पण एक झालं, मी गप ऱ्हायले तशी पोरगी इचारायला लागली. एवढी वर्षं मीच बोलत होते, तिनं कधी काही इचारलंच नव्हतं. माझं माहेर येलदरीकडलं. लहानपणी कापूस येचायला जायचे का, कसं येचायचे, हात दुखायचे का, असलं काहीबाही इचारायची. मीबी दळण टाकता टाकता सांगायची आन् इसरून जायची.

आन् एक दिवस म्या काय बगावं! गिरणी चालू, दगड घरघरायलेत, आन् राजेश्री पिठाच्या डब्याजवळ उभी राहून मोठ्यानं बोलायलीय. एकदाबी अडकेना. ओठ सुरसुर चाललेले. आवाज मला ऐकू येत नव्हता, पण तिच्या ओठावरनं दिसत होतं. सोताचा आवाज सोताला ऐकू आला न्हाई की पोरगी अडकत न्हाई, हे मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं. मंग मी मुद्दाम गिरणी चालू ठेवायला लागले, दळण नसलं तरी. मालक लाइटबिलाकडं बगून उसासा टाकायचे. पण माझ्या मनात एकच धास्ती होती. वर्गात गिरणी कुठून आणायची?

राजेश्री मॅडमच्या गोष्टी घरी आणायला लागली. अडकत अडकत सांगायची, आन् मी लवंग चावत ऐकायची. एकदा गाडी लेट झाली, मॅडम दारात उभ्या राहून म्हणल्या, "येऊ का?" मंगेश नावाचं एक वांड पोरगं म्हणलं, "न्हाई, परवानगी न्हाई." मॅडम म्हणल्या, "बरं," आन् खरंच बाहेर उभ्या ऱ्हायल्या, नकाशा खांद्यावर. शेवटी मंगेशच उठला, नकाशा काढून घेतला आन् अंथरला. त्या दिवसापासून तो पोरगा मॅडमच्या आधी वर्गात. गाडीतबी मॅडम गप बसत न्हाईत. भाजीवालीला इचारतात, तुमच्या गावात लाइट कवा आली? येलदरीच्या एका मासे धरणाऱ्याला इचारलं, धरण बांधताना तुमचे आजे कुठं ऱ्हायला गेले? आन् वर्गात सांगताना त्याचं पुरं नाव घेऊन सांगतात. नाव घेतल्याबिगर न्हाई. राजेश्री म्हणायची, मॅडमच्या वर्गात भाजीवालीचं नाव आन् बादशहाचं नाव एकाच आवाजात येतं. मला वाटायचं, असल्या बाईला आपण भांडायला गेलो होतो!

पौष महिन्यात तोंडी बोलायचा दिवस आला. पालकांनाबी बोलावलं होतं. मी लवंगांची पुडी कमरेला खोचली आन् गेले. मालकबी आले, जिनिंगमधून खाडा करून. संस्थेचे अध्यक्ष बसवंतराव आले होते. कापसाचे मोठे व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, माणूस भला, पण आपण बोलायचं आन् दुसऱ्यानं ऐकायचं अशी जन्माची सवय. त्यांनाबी चपला बाहेर काढायला लागल्या. ते बाकावर बसले, आमी नकाशाच्या कडंला फरशीवर.

राजेश्रीचं नाव पुकारलं. पोरगी उठली आन् नकाशावर अमेरिकेत जाऊन उभी ऱ्हायली. माझी लवंग दाताखाली.

सुरुवात बरी झाली. म्हणली, अमेरिकेत एकदा तिथल्या तिथं लढाई लागली. एक बाजू गुलाम ठेवायला पायजेत म्हणणारी, दुसरी नको म्हणणारी. गुलाम कापूस येचायचे. लढाईमुळं तिथला कापूस बोटीनं इंग्लंडला जाईना. "आन् कापूस न्हाई म्हणून गिरण्या बंद पडल्या... म... म..."

अडकली. ओठ मिटले ते मिटले. वर्ग गप. मॅडम खिडकीशी उभ्या, बाहेर बगायलेल्या. आन् बसवंतराव मोठ्या मायेनं म्हणले, "मँचेस्टर! मँचेस्टर म्हणायलीय ती."

खरं सांगते, मला ते मँचेस्टर ठाऊक असतं तर मीच बोलले असते. ठाऊक नव्हतं म्हणून वाचले.

सगळा वर्ग बसवंतरावांकडं बगायला लागला. मॅडम खिडकीपासून वळल्या. त्यांची नोकरी ह्याच संस्थेत, ह्याच माणसाच्या सहीनं. मला वाटलं, आता हसून सोडून देतील. आपण सगळे तेच करतो की. मॅडम शांतपणं म्हणल्या, "साहेब, ज्याचं वाक्य त्यानंच संपवायचं. वर्गाचा नियम आहे."

बसवंतरावांचा चेहरा लाल झाला. एवढ्या लोकांत, एवढ्या मोठ्या माणसाला! त्यांनी फळ्याकडं बगितलं, सगळे नियम वाचले वाटतं. मंग घसा खाकरला आन् म्हणले, "माझं चुकलं." एकबी पोरगं हसलं न्हाई. मॅडमनी मान झुकवली. मला त्या घडीला दोघांच्याबी पाया पडावं वाटलं, पण मॅडमच्या आधी.

नियमच होता, वाक्य पहिल्यापासून. राजेश्रीनं पहिल्यापासून घेतलं. पुन्यांदा त्या शब्दापाशी आली, पुन्यांदा अडकली. कोणी हललं न्हाई. आन् आला, मँचेस्टर आला तिच्याच तोंडातून. मंग पुढं सांगितलं, इंग्लंडला इथला कापूस लागायला लागला, इथं भाव चढले, लढाई संपली तसे पडले. "कोण म्हणतं?" वर्गानं इचारलं. तिनं पुस्तकाचं नाव सांगितलं.

मंग ती नकाशावर चालत चालत आपल्याकडं आली, परभणी कुठं असंल तिथं उभी ऱ्हायली.

"पुस्तकात कापसाचा भाव हाय," ती म्हणली, हळूहळू, एकेक शब्द. "कापूस येचणाऱ्या बाईचा हात न्हाई. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडंला लागतात. कडा फाटतात. रगत कापसाला लागू नये म्हणून बोट तोंडात घालावं लागतं. सांजच्याला भाकरीवर मीठ घेतलं तर डोळ्यात पाणी येतं. हे अमेरिकेतल्या त्या बाईलाबी झालं असंल. तिचं नाव कुठं न्हाई. पण हात असाच असंल."

माझी लवंग तोंडातच ऱ्हायली. हे तर माझं. दळण टाकता टाकता मी सांगितलेलं. मी इसरलेलं.

"कोण म्हणतं?" सगळा वर्ग म्हणला.

"माझी आई," राजेश्री म्हणली.

"पुरं नाव?" मंगेशनं इचारलं. नियमच होता.

राजेश्रीनं माझ्याकडं बगितलं. "ब..." तिचे ओठ मिटले. मान ताठ झाली.

अगं माय, माझंच नाव! जन्मापासून मला ठाऊक असलेलं एकच नाव, आन् ते मला सांगता येईना. लवंग चावून चावून भुगा केली. मालकांनी माझा हात धरला, गच्च, सगळ्यांदेखत, लग्नातबी धरला नव्हता इतका गच्च. बसवंतराव मांडीवर मुठी आवळून बसलेले. मॅडम खिडकीशी, बाहेर बगायलेल्या, जशी काय घाई नावाची गोष्ट जगात न्हाईच. सगळी पोरं गप, सगळी थांबलेली. एका पोरीच्या एका शब्दासाठी एवढी माणसं थांबलेली मी आजवर बगितली नव्हती. देवाच्या दारातबी न्हाई.

"बायनाबाई," राजेश्री म्हणली. "बायनाबाई मुंजाजी शिंदे. गिरणीवाली. मानवत."

"कबूल," वर्ग म्हणला. पुरावा पटला की ते असंच म्हणतात.

ज्या आवाजात मँचेस्टर आलं होतं, त्याच आवाजात माझं नाव आलं. मला रडू आवरलं न्हाई. मोठ्यानंच रडले, गिरणीवरच्या आवाजात, आन् त्यावर मधी न बोलायचा नियम कोणी काढला न्हाई.

घरी आल्यावर गिरणी चालू केली. दळणं तुंबली होती. सरजाबाई डबा घेऊन हजरच. वरडून म्हणली, "काय झालं गं पोरीचं? बोलली का? किती गुण पडतील?"

मी तोंड उघडलं. मंग मिटलं. चालू दळणात गिरणी कवा बंद करायची नसते, दगड रुततो, पुन्यांदा सुरू करताना पट्टा ओढतो, हे माझ्या सासूनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी खटका खाली ओढला. घरघर थांबली. पट्टा हळूहळू थांबला. एवढी शांतता गिरणीत कवा नव्हती.

"तिलाच इचारा," मी म्हणलं.

राजेश्रीनं हाताचं पीठ झटकलं. "प..." ती म्हणली, आन् अडकली. सरजाबाईनं माझ्याकडं बगितलं. मी खिडकीतनं बाहेर बगायला लागले.